बारेसीचा वर गेलेला हात

गेल्या आठवड्यात एका मित्राशी वाद झाला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. विषय निघाला होता एकाच क्लबात आख्खं करिअर काढणाऱ्या प्लेअर्सचा. मी म्हटलं फ्रांको बारेसी. एसी मिलान, 20 सीझन, 719 मॅचेस, दुसऱ्या क्लबाचा शर्ट कधी अंगाला लावला नाही. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "अरे दुसरीकडे कुणी विचारलंच नसेल त्याला." वर आणि, "डिफेंडर होता ना? डिफेंडरला कोण विचारतो!"

तेव्हा हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर चिडचिड सुरू झाली.

खरं सांगायचं तर मला चिडायचा हक्क नाहीये. मी स्वतः कितीतरी वर्षं बारेसीला एकाच गोष्टीसाठी ओळखायचो. 1994 च्या वर्ल्डकप फायनलला रात्र जागून टीव्हीसमोर बसलो होतो, ती मॅच पेनल्टीपर्यंत गेली आणि पहिलीच पेनल्टी मारायला इटलीचा एक विरळ केसांचा, दमलेला, चाळिशीचा वाटणारा माणूस आला आणि त्याने बॉल बारवरून थेट पब्लिकमध्ये घातला. हा कोण म्हातारा, याला कशाला पाठवला, एवढंच माझं मत. तो तेव्हा 34 चा होता आणि त्या दिवशी मैदानावर मुळात कसा काय होता हे मला खूप उशिरा कळलं. त्याच्याकडे येतो नंतर.

सुरुवात त्रावाल्यातोपासून. उत्तर इटलीत ब्रेशाजवळचं छोटं गाव, तिथे 8 मे 1960 ला जन्म. शेतकरी कुटुंब. थोरला भाऊ जुझेप्पे, तोही फुटबॉलवेडा. इंटर मिलानने जुझेप्पेला घेतलं आणि फ्रांकोला परत पाठवलं, अंगापिंडाने फारच बारीक म्हणून. मग 1974 साली, चौदाव्या वर्षी, तो शहरातल्या दुसऱ्या क्लबात शिरला, एसी मिलानमध्ये. तिथे मसाज करणाऱ्या माणसाने त्याचं नाव ठेवलं 'पिशिनीन', म्हणजे मिलानच्या बोलीत छोटू, बारक्या वगैरे. ते आयुष्यभर चिकटलं. किशोरवयातच आई गेली, मग वडीलही गेले. आता कुणी म्हणेल की क्लबावरची निष्ठा वगैरे, पण मला वाटतं त्या वयातल्या पोराला निष्ठा हा शब्दही माहीत नसतो, त्याला रात्री परतायला एक जागा लागते आणि ती जागा त्याच्यासाठी मिलान होती, संपला विषय.

एप्रिल 1978 मध्ये वेरोनाविरुद्ध पहिली मॅच, अठरा पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी. कोच निल्स लीडहोल्म, स्वीडनचा, शांत माणूस, त्याने या पोराला पुढच्याच सीझनला थेट लिबेरो म्हणून उभं केलं. लिबेरो म्हणजे मोकळा. बाकीचे डिफेंडर आपापल्या माणसाला चिकटलेले असायचे आणि हा सगळ्यांच्या मागे, कुणाचं काही सुटलं की निस्तरायचं. जबाबदारीची जागा, सहसा अनुभवी माणसाला देतात. आणि टीममध्ये जान्नी रिवेरासारखा माणूस, मिलानचा देव म्हणा ना, करिअरच्या शेवटच्या वर्षात. 1978-79 ला मिलान लीग जिंकलं, क्लबाचं दहावं टायटल, शर्टावर स्टार लागला. बारेसी 19 चा. इथपर्यंत एकदम परीकथा.

आणि मग सगळं गटारात गेलं.

1980 मध्ये इटलीत बेटिंगचं प्रकरण फुटलं, तोतोनेरो म्हणतात त्याला. मॅचेस फिक्स केल्याचे आरोप, पोलीस थेट स्टेडियममध्ये जाऊन प्लेअर्सना उचलतायत असा प्रकार. मिलानचा प्रेसिडेंट अडकला, गोलकीपर अडकला, आणि शिक्षा म्हणून मिलान आणि लात्सिओ दोघांना खाली सेरी बी मध्ये, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये ढकललं. मिलान त्या सीझनला तिसरं आलं होतं हो, तरी खाली! बारेसीचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. वीस वर्षांचा चॅम्पियन टीमचा लिबेरो, त्याने बॅग भरली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. तो सेरी बी खेळला, टीम जिंकून वर आली.

आणि लगेच परत खाली गेली. 1981-82. यावेळी कुठलं प्रकरण नाही, कोर्ट नाही, निव्वळ वाईट खेळून. बारेसी रक्तातल्या इन्फेक्शनमुळे काही महिने बाहेर होता. शेवटच्या दिवसाची गोष्ट मला फार आवडते, म्हणजे आवडते हा शब्द चूक आहे पण समजून घ्या. मिलान चेझेनाला खेळतंय, जिंकायलाच हवं, आणि 2-0 ने मागे. तिथून तीन गोल मारून मॅच 3-2 जिंकली. वाचलो असं सगळ्यांना वाटतंय आणि तिकडे नापोलीत जेनोआने शेवटच्या काही मिनिटांत कॉर्नरवरून गोल करून 2-2 केलं, त्या एका पॉइंटने जेनोआ वाचलं आणि मिलान गेलं. त्याच वर्षी मिलानने एक ट्रॉफी पण जिंकली, मित्रोपा कप. ही स्पर्धा तोवर सेकंड डिव्हिजन जिंकणाऱ्या टीम्ससाठी राहिली होती. त्यावरून विरोधकांनी किती टोमणे मारले असतील ते सांगायला नको.

आता 1982 चा उन्हाळा बघा. मे महिन्यात क्लब दुसऱ्यांदा सेरी बी मध्ये. जुलैमध्ये इटली स्पेनमध्ये वर्ल्डकप जिंकते आणि त्या स्क्वाडमध्ये बारेसी आहे. एक मिनिट खेळायला मिळालं नाही, शिरेया नावाचा महान लिबेरो त्याच्या पुढे होता, पण मेडल मेडल असतं. त्याच स्क्वाडमध्ये मिलानचा अजून एक डिफेंडर होता, फुल्व्हिओ कोलोवाती, तो तर फायनल खेळला. वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि सेरी बी मध्ये कशाला खेळू म्हणून इंटरला निघून गेला. शहरातल्या दुश्मन क्लबात.

मी कोलोवातीला शिव्या घालणार नाही. पंचविशीतला माणूस, फॉर्मच्या शिखरावर, त्याने सेकंड डिव्हिजनमध्ये वर्ष का घालवावं? तुम्ही-आम्ही कंपनी बुडताना दिसली की पहिल्यांदा काय करतो, लिंक्डइन उघडतो. (मिलानच्या फॅन्सनी मात्र माफ केलं नाही, आणि दोन वर्षांनी 1984 च्या मिलान-इंटर मॅचमध्ये मिलानच्या मार्क हेटलीने नेमकं कोलोवातीच्या डोक्यावरून झेप घेऊन हेडर मारला, तो फोटो मिलानवाले अजून मिरवतात.) माझा मुद्दा एवढाच की दोघांसमोर दार उघडं होतं, एक गेला, एक राहिला. 22 वर्षांचा, वर्ल्डकप जिंकलेल्या स्क्वाडमधला डिफेंडर सेकंड डिव्हिजनमध्ये पडलाय आणि त्याला इटलीत कुणीच विचारलं नाही हे गणित माझ्या मित्राने मला सोडवून दाखवावं.

राहिला त्याला कॅप्टनचा पट्टा मिळाला. 22 व्या वर्षी. पुढची 15 वर्षं तो त्याच्या दंडावर.

एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे आरतीसारखं होईल. त्या काळी क्लब सोडणं आजच्याइतकं सोपं नव्हतं, बॉसमन केसचा निकाल 1995 च्या डिसेंबरमध्ये आला, त्याआधी करार संपला तरी नव्या क्लबाला जुन्याला पैसे मोजावे लागायचे. म्हणजे त्या पिढीची निष्ठा थोडी नियमांनी पण बांधलेली होती. आणि दुसरं, नशीब. 1986 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या काठावर असताना बर्लुस्कोनी नावाच्या उद्योगपतीने तो विकत घेतला, पैसा ओतला, गुलिट-व्हॅन बास्टेन-रायकार्ड हे डच स्टार आले. हे झालं नसतं तर बारेसी मध्यम टीमचा चांगला डिफेंडर म्हणून रिटायर झाला असता आणि मी हे लिहीत नसतो. निष्ठावान माणसं अशी खूप असतात ज्यांचा बर्लुस्कोनी कधी येतच नाही. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, बस.

1987 मध्ये आरिगो साकी कोच म्हणून आला. आणि इथे माझा खरा मुद्दा सुरू होतो, एवढा वेळ नुसती हवा केली.

इटलीत डिफेन्स म्हणजे आपापला माणूस पकडा आणि मागे लिबेरो ठेवा. साकी म्हणाला माणूस नाही, जागा पकडा. चौघं एका रेषेत, आणि ती रेषा आपल्या गोलसमोर नाही तर वर, मैदानाच्या मध्याच्या दिशेने सरकलेली. सगळ्यात मागचा आणि सगळ्यात पुढचा प्लेअर यांच्यात 25-30 मीटरच अंतर हवं. बॉल गेला की सगळ्यांनी एकदम पुढे. म्हणजे मागे अर्धं मैदान रिकामं, फॉरवर्डला म्हणायचं ये, पळ तिकडे, पळालास की ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना शेवटच्या डिफेंडरच्या पुढे, खेळ थांबला. त्यात तेव्हाचा नियमही मदतीला, 1990 पर्यंत डिफेंडरच्या बरोबरीने उभा असलेला फॉरवर्ड पण ऑफसाइड धरायचे. पण ही ट्रॅप चालते कधी, तर चौघं एकाच क्षणी पाऊल टाकतात तेव्हा. एकाला अर्धा सेकंद उशीर झाला की फॉरवर्ड आणि गोलकीपर समोरासमोर, मधे कुणी नाही.

तर 27 वर्षांच्या बारेसीला, ज्याने दहा वर्षं सगळ्यांच्या मागे उभं राहून निस्तरायचं काम केलं, त्याला सांगितलं की मागे नाही उभं राहायचं. आणि म्हणतात की साकीने त्याला सिन्योरिनी नावाच्या डिफेंडरचे व्हिडिओ बघायला लावले, जो पार्मात साकीकडे खेळला होता. मिलानच्या कॅप्टनला पार्माच्या डिफेंडरचे व्हिडिओ! माझ्यासारखा माणूस असता तर तिथेच तोंड वाकडं करून बसला असता. बारेसी शिकला, आणि ती रेषा चालवणारं डोकं तोच झाला. तासोत्ती उजवीकडे, मालदिनी डावीकडे, मधे कोस्ताकुर्ता किंवा फिलिप्पो गाल्ली आणि तो.

साकीचा एक सराव फेमस आहे. एका बाजूला गोलकीपर जोव्हानी गाल्ली आणि हे चार डिफेंडर, म्हणजे पाच जण. समोर दहा जण, त्यात गुलिट, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, दोनादोनी, अँचेलोत्ती. पंधरा मिनिटांत एक गोल करून दाखवा, बॉल गमावला की परत मागून सुरुवात. साकी सांगतो की हे कितीतरी वेळा केलं आणि गोल एकदाही झाला नाही.

हे कशाने होतं? उंचीने नाही, बारेसी 176 सेंटीमीटर, मधल्या डिफेंडरसाठी बुटकाच. वेगाने पण नाही पूर्ण. हे होतं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखल्याने. तासोत्ती 1980 ला आला, टीम सेरी बी मध्ये असताना, आणि 1997 पर्यंत होता. मालदिनी 1985 मध्ये सोळाव्या वर्षी पहिली मॅच खेळला आणि 2009 पर्यंत हलला नाही. कोस्ताकुर्ता पोरसवदा टीममधून वर आला, 2007 पर्यंत. फॉरवर्ड कुठल्याही क्लबात गेला तरी गोल करू शकतो, बॉल पायात आला की त्याचं तो बघून घेतो. डिफेंडरला शेजारचा माणूस लागतो. बारेसीने पाऊल टाकायच्या आधी त्याचा खांदा किंचित वळला तरी मालदिनीला कळायचं असं काहीतरी असणार, आणि ही गोष्ट ट्रान्सफर विंडोमध्ये विकत मिळत नाही. म्हणून मला एकाच क्लबात राहणं हा डिफेंडरच्या बाबतीत भावनेचा मामला कमी वाटतो आणि हत्याराला धार लावण्याचा जास्त. मित्राला नेमकं हेच सांगायचं होतं, तेव्हा सुचलं नाही. वादात योग्य उत्तर नेहमी दोन दिवसांनी सुचतं.

आणि तो हात. जुन्या मॅचेस बघा यूट्यूबवर, 6 नंबर, शर्ट चड्डीबाहेर आलेला, आणि पास सुटल्या सुटल्या त्याचा हात वर. ऑफसाइड! लाईन्समनच्या झेंड्याआधी हात वर गेलेला असतो. कधी कधी वाटतं लाईन्समन त्याच्याकडे बघूनच झेंडा उचलत होते, आणि रियल माद्रिदच्या फॅनला विचाराल तर तो हे छातीठोक सांगेल, 1989 च्या युरोपियन कप सेमीफायनलमध्ये 5-0 खाल्लंय त्यांनी सान सिरोला, मिलानच्या मैदानावर. त्या वर्षी फायनलमध्ये स्टीआउआ बुखारेस्टला 4-0, पुढच्या वर्षी बेन्फिकाला 1-0, लागोपाठ दोन युरोपियन कप. 1989 च्या बॅलन डी'ओरमध्ये, म्हणजे वर्षातल्या बेस्ट प्लेअरच्या अवॉर्डमध्ये, पहिला व्हॅन बास्टेन, दुसरा बारेसी, तिसरा रायकार्ड, तिघंही एकाच क्लबाचे. डिफेंडरला कोण विचारतो म्हणे.

साकीनंतर कापेल्लो आला तरी रेषा तीच. 1991-92 ची लीग एकही मॅच न हरता, आणि 1993-94 तर कमाल, 34 मॅचेसमध्ये मिलानने गोल केले फक्त 36 आणि तरी चॅम्पियन, कारण खाल्ले 15. कंटाळवाणं म्हणायचं तर म्हणा, मला तो आकडा एखाद्या हॅटट्रिकपेक्षा जास्त आवडतो. त्याच वर्षी अथेन्सला चॅम्पियन्स लीग (युरोपियन कपचंच नवं नाव) फायनल, समोर क्रायफचं बार्सिलोना, आणि बारेसी-कोस्ताकुर्ता दोघंही सस्पेंड. मिलान 4-0 जिंकलं. कॅप्टन सूट घालून बघत बसला असेल बिचारा. आपण नसताना टीमची सगळ्यात भारी मॅच व्हावी, यावर हसावं का रडावं.

उलट बाजू पण सांगतो. सेरी आ, म्हणजे इटलीच्या वरच्या लीगमध्ये त्याच्या नावावर 8 ओन गोल (आपल्याच गोलमध्ये घातलेले) आहेत, इंटरच्या रिकार्दो फेरीइतकेच, सगळ्यात जास्तवाल्यांच्या यादीत. वीस वर्षं आपल्या गोलसमोर पाय घालत राहिलात तर काही बॉल आत जाणारच.

1997 मध्ये थांबला. शेवटचा सीझन रद्दी होता, मिलान अकराव्या नंबरावर. क्लबाने 6 नंबरचा शर्ट कायमचा बंद केला. सहा लीग टायटल्स, तीन युरोपियन कप. आणि गंमत म्हणजे 2002 मध्ये तो इंग्लंडमध्ये फुलहॅमला फुटबॉल डायरेक्टर म्हणून गेला, पहिल्यांदाच मिलानबाहेर नोकरी, तर तीन महिनेही टिकला नाही, परत घरी येऊन मिलानच्या पोरांना शिकवायला लागला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते, त्यात त्याचा दोष नाही. 24 मे 2009, मालदिनीची सान सिरोवरची शेवटची मॅच, रोमाविरुद्ध. 25 सीझन, 900 च्या वर मॅचेस, वडील चेझारे पण याच क्लबाचे कॅप्टन. मॅच संपल्यावर तो मैदानाला चक्कर मारतोय आणि कट्टर फॅन्सच्या स्टँडमधून शिट्ट्या, आणि बारेसीचा भलामोठा 6 नंबरचा शर्ट वर, कॅप्टन एकच, बारेसी, अशी घोषणा. जुनं भांडण होतं त्यांचं मालदिनीशी, त्याने त्यांची हांजी हांजी केली नाही म्हणून. एका निष्ठावान माणसाचा शर्ट दुसऱ्या निष्ठावान माणसाला मारायला वापरला. ज्या पोराला बारेसीने शेजारी उभं करून वाढवलं त्यालाच. फॅन्स पण ना, कधी कधी लाज आणतात.

असो. 1994 राहिलं.

ग्रुपमधली दुसरी मॅच, नॉर्वेविरुद्ध, 23 जून. बारेसीचा गुडघा गेला, मेनिस्कस, म्हणजे आतली कूर्चा. ऑपरेशन झालं तिथेच अमेरिकेत. वर्ल्डकप संपला असं सगळ्यांनी धरलं. इटली रडतखडत, फॉरवर्ड बाजिओच्या जिवावर, फायनलला पोचली, कोस्ताकुर्ता फायनलला सस्पेंड, आणि 17 जुलैला, म्हणजे 24 दिवसांनी, पासाडेनाच्या भर दुपारच्या उन्हात बारेसी कॅप्टन म्हणून मैदानात. समोर ब्राझीलचे रोमारिओ आणि बेबेतो. 120 मिनिटं. मी मागच्या महिन्यात ती मॅच पूर्ण बघितली, फक्त त्याच्याकडे बघत, बॉलकडे नाही. रोमारिओ वळायच्या आधी हा तिथे असतो. पळत नाही फारसा, पळायला लागूच देत नाही. शेवटी शेवटी क्रॅम्प येतायत, उठतो, परत रेषा वर ढकलतो, हात वर. 0-0. आणि त्यानंतर त्या पायांनी पहिली पेनल्टी मारायला गेला. 1990 च्या सेमीफायनलमध्ये आर्जेंटिनाविरुद्ध पण पहिली त्यानेच मारली होती, आत गेली होती, ती कुणाच्या लक्षात नाही. ही वर गेली. मग मासारोची अडवली, शेवटी बाजिओची वर गेली, आणि कॅमेऱ्यात बारेसी लहान पोरासारखा रडताना.

मी मित्राला त्या मॅचची लिंक पाठवली, म्हटलं पूर्ण बघ, 6 नंबर बघ, मग बोल डिफेंडरला कोण विचारतो ते. दोन दिवस उत्तर नाही. काल रात्री साडेबाराला मेसेज आला:

"बघितली पूर्ण. रोमारिओला खिशात घातलाय रे त्याने. पण पेनल्टी घाणच मारली."